डक : ऐंशी वर्षांपूर्वीचा उभयचर ट्रक आज खरोखर कामाला येतो का?

अमेरिकेत 1942 ते 1945 या काळात जनरल मोटर्सने बांधलेला डीयूकेडब्ल्यू, म्हणजेच सर्वांच्या तोंडी रुळलेली ‘डक’, हा अडीच टन वजन वाहणारा सहा चाकी लष्करी ट्रक रस्त्यावरून धावत येतो, काठावरून थेट पाण्यात उतरतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा चाकांवर उभा राहतो. संग्रहालयातील वस्तू म्हणून किंवा लष्करी संचलनातील शोभेची गाडी म्हणून तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; हे परीक्षण मात्र रोजच्या कामाची गाडी या नात्याने तिच्याकडे पाहते. मिशिगन राज्याच्या उत्तर भागातील एका तळ्याकाठच्या घरमालकांनी एकत्र येऊन 1944 सालची एक डक विकत घेतली व दुरुस्त करून पुन्हा पाण्यात उतरवली. यंत्रांची देखभाल हाच माझा व्यवसाय असल्याने त्या कामात मी सुरुवातीपासून आहे. तळ्यातील बेटावरच्या घरांना वाळू, सिमेंट आणि लाकूड पोचवणे, हिवाळ्यात पाणी गोठण्यापूर्वी तरंगत्या धक्क्यांचे सुटे भाग बाहेर ओढून काढणे आणि बर्फ वितळल्यावर ते पुन्हा जागेवर नेणे, एवढेच तिचे काम. निष्कर्ष आधीच सांगतो : हे काम ती उत्तम करते, पण इंजिनापेक्षा आत शिरलेले पाणी उपसणाऱ्या पंपाला आणि रंगापेक्षा पाणी अडवणाऱ्या रबरी सीलला अधिक मान देणाऱ्या माणसाच्याच हाती.

ही गाडी कशी घडली हे थोडक्यात सांगितल्याशिवाय तिचे गुणदोष कळणार नाहीत. जनरल मोटर्सचा अडीच टनी ट्रक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रचंड संख्येने तयार होत होता. त्याचीच चॅसिस (गाडीचा खालचा पोलादी सांगाडा), इंजिन आणि ॲक्सल (चाकांचे आस) कायम ठेवून त्याभोवती नावेचा सांगाडा बसवायचा, अशी मूळ कल्पना होती. नावेचा आकार स्पार्कमन अँड स्टीफन्स या शर्यतीच्या शिडाच्या नौका आखणाऱ्या कंपनीच्या रॉड स्टीफन्स यांनी ठरवला. ब्रिटिश दर्यावर्दी डेनिस प्युल्स्टन आणि एमआयटी या अमेरिकेतील तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेले फ्रँक स्पीअर हेही त्या चमूत होते. लष्कराला आरंभी या प्रकाराबद्दल फारसा उत्साह नव्हता. डिसेंबर 1942 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील प्रॉव्हिन्सटाउनजवळ तटरक्षक दलाची एक गस्ती नौका वादळात वाळूच्या दांड्यावर अडकली. इतर बोटी जिथे पोचू शकत नव्हत्या तिथे चाचणीसाठी आणलेली डक पोचली आणि तिने अडकलेल्या सात जणांना काठावर आणले. त्यानंतर मात्र मागणी सुरू झाली आणि युद्ध संपेपर्यंत 21,000 हून अधिक गाड्या तयार झाल्या. 1943 मध्ये सिसिलीत, 1944 मध्ये नॉर्मंडीत, पॅसिफिकच्या बेटांवर आणि 1945 मध्ये आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशात ब्रिटिशांच्या चौदाव्या सेनेने इरावती नदी ओलांडली तेव्हाही त्या होत्या.

नव्या मालकाला सर्वांत आधी समजावून घ्यावी लागणारी गोष्ट म्हणजे या गाडीचा पत्रा अतिशय पातळ आहे. सांगाड्याच्या पोलादाची जाडी ठिकाणानुसार साधारण 1.6 ते 3.2 मिलिमीटर एवढीच असून चिलखत वगैरे काही नाही. आखणाऱ्यांनी हे अज्ञानातून केले नव्हते. एक खडक लागला, एक गोळी आरपार गेली किंवा एखादे सील फाटले की पाणी आत येणारच, हे त्यांनी गृहीत धरले होते, आणि म्हणून त्यांनी सगळी भिस्त उपशावर ठेवली. पाण्यात गाडी पुढे ढकलणाऱ्या प्रोपेलरच्या दांड्यावरून साखळीने फिरणारे पंप बसवले, त्यांतील मोठा हिगिन्स पंप मिनिटाला शेकडो लिटर पाणी बाहेर फेकतो, आणि दोन इंच व्यासाचे भोक पडले तरी गाडी तरंगत राहील इतकी क्षमता त्या यंत्रणेत ठेवली. म्हणजे डक ही न गळणारी नाव नसून गळती उपसत चालणारी नाव आहे. या एका वाक्याचा विसर पडला की तिची दुरुस्ती चुकीच्या दिशेने जाते. विक्रीला येणाऱ्या कित्येक ‘पूर्ण दुरुस्त’ गाड्यांत रंग चकचकीत, आसने नवी, तारा ताणलेल्या, पण हिगिन्स पंपाची साखळी गायब असते, कारण प्रदर्शनात ती कोणाला दिसत नाही.

आमच्या वाट्याला आलेली गाडी अशाच एका विक्रेत्याकडून घेतलेली होती. ‘तळ पूर्णपणे नवा’ असे त्याने लिहून दिले होते. आम्ही मालवाहू भागाच्या फळ्या उचलून दिव्याच्या प्रकाशात आत पाहिले तेव्हा चॅसिसच्या दांड्या आणि तळाचा पत्रा यांच्यामधल्या बोटभर फटीत काळा, ओलसर, तेल मिसळलेला गाळ दाबून बसलेला होता. तो खरवडून काढला आणि चाकाच्या कमानीजवळ साध्या स्क्रू ड्रायव्हरने अंगठ्याचा जोर देऊन टोचले, तर पात्याचे टोक आधी भेगा बुजवायच्या लांबीच्या (पुट्टीच्या) थरातून, मग काचतंतूच्या कापडातून आणि शेवटी गंजाच्या पापुद्र्यातून थेट बाहेर निघाले. पोलाद असे तिथे उरलेलेच नव्हते. ट्रकची चॅसिस नावेच्या पोटात बंदिस्त असल्यामुळे गंज नेमका दिसत नाही तिथे लागतो, आणि वरून कितीही मलमपट्टी केली तरी तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करण्याला पर्याय नसतो. पातळ पत्र्यावर लांब वेल्डिंग केले की तो उष्णतेने वाकतो, म्हणून थोडे थोडे अंतर सोडून, पत्रा थंड होऊ देत, आलटून पालटून टाके घ्यावे लागतात. हे काम मोटारींचे गॅरेजवाले करू शकत नाहीत असे नाही, पण मासेमारी बोटींची दुरुस्ती केलेला वेल्डर मिळाला तर पाहावे, कारण वेल्डिंगनंतर प्रत्येक सांध्याला एका बाजूने रॉकेल लावून दुसऱ्या बाजूने खडूच्या पांढऱ्या थरावर डाग उमटतो का, हे पाहण्याची सवय त्यालाच असते.

पत्र्यानंतर सील. डकचे तिन्ही ॲक्सल नावेच्या बाहेर, पाण्यात असतात आणि त्यांना फिरवणारे दांडे सांगाड्याच्या भिंतीतून आरपार जातात. ॲक्सल स्प्रिंगांवर वरखाली होतात, तर भिंत जागच्या जागी असते. या दोहोंना सांधण्यासाठी जाड रबराचे घडीदार बूट वापरले असून ते दोन्ही टोकांना क्लॅम्पने आवळलेले असतात. आकाराने मूठभर असलेल्या या भागावर माणसांचे जीव अवलंबून असतात. 1 मे 1999 रोजी आर्कान्सा राज्यातील हॉट स्प्रिंग्जजवळच्या लेक हॅमिल्टनमध्ये ‘मिस मॅजेस्टिक’ नावाची पर्यटकांची डक पाण्यात उतरल्यावर काही मिनिटांतच बुडाली आणि गाडीतील 21 पैकी 13 जण दगावले. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने चौकशीअंती ठपका ठेवला तो निकृष्ट दुरुस्ती-देखभालीवर. दांड्याभोवतीचे रबरी सील नीट बसलेले नव्हते आणि तिथून पाणी भरत गेले. त्याच अहवालात आणखी दोन गोष्टी ठळकपणे आल्या. पाणी भरल्यावरही तरंगत राहण्याची जादा क्षमता या गाडीत नाही, आणि प्रवाशांच्या सोयीसाठी वर बसवलेल्या सलग छतामुळे माणसांना बाहेर पडता आले नाही.

या अहवालामुळे आमच्या गाडीबद्दलचे दोन निर्णय वादाशिवाय झाले. पहिला, छत नको. पाऊस आला तर भिजावे, उन्हात टोपी घालावी, पण डोक्यावर बंद कापड असलेल्या या गाडीतून पाण्यात जाऊ नये. 19 जुलै 2018 रोजी मिझुरीतील टेबल रॉक लेकमध्ये वादळात सापडून बुडालेल्या गाडीतील 31 पैकी 17 जणांचा मृत्यू झाला तेव्हाही छत आणि बाजूचे पडदे हा चौकशीचा एक मुख्य मुद्दा होता, आणि प्रवासी वाहणाऱ्या अशा गाड्यांवरील छते हटवण्याची तरतूद अमेरिकेच्या कायद्यात यायला डिसेंबर 2022 उजाडले. दुसरा निर्णय पंपांचा. मूळ पंप प्रोपेलरच्या दांड्यावर चालतात, म्हणजे इंजिन बंद पडले की ज्या क्षणी उपशाची सर्वांत जास्त गरज असते त्याच क्षणी तेही थांबतात. म्हणून मूळ पंप पूर्ववत चालू केल्यावर त्यांच्या जोडीला स्वतंत्र बॅटरीवरचे, पाण्याच्या पातळीनुसार आपोआप सुरू होणारे विजेचे पंप आणि चालकाच्या कानाशी वाजणारा भोंगा बसवला. मूळ रूपाचे कैवारी यावर नाके मुरडतात. त्यांनी खुशाल मुरडावीत.

तरंगण्याची जादा क्षमता हा प्रश्न मात्र इतका सरळ नाही, आणि इथे ब्रिटनचा अनुभव विचार करायला लावणारा आहे. रिकाम्या जागांत फोमचे ठोकळे भरले की पाणी शिरले तरी गाडी बुडणार नाही, हा हिशेब कागदावर बिनतोड वाटतो. जून 2013 मध्ये लिव्हरपूलच्या सॉल्टहाउस डॉकमध्ये एक डक बुडाली, तेव्हा आवश्यक तेवढा फोम तिच्यात नव्हताच असे निष्पन्न झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लंडनला टेम्स नदीत दुसऱ्या डकला आग लागली आणि प्रवाशांना पाण्यात उड्या घ्याव्या लागल्या. त्या आगीचे संभाव्य कारण म्हणून ब्रिटिश सागरी अपघात चौकशी विभागाने फोमकडेच बोट दाखवले : फिरणारा दांडा तेलाने माखलेल्या ठोकळ्यांवर घासत राहिला होता. नियमात बसण्याइतका फोम कोंबायचा तर या गाडीच्या पोटात फिरत्या भागांना, हवेला आणि तपासणीच्या हाताला जागा उरत नाही, ही तिची मूलभूत अडचण आहे. आम्ही मधला मार्ग घेतला. मालवाहू भागाच्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत, जिथे कोणताही दांडा फिरत नाही तिथेच, तेल न शोषणाऱ्या बंद पेशींच्या फोमचे ठोकळे पट्ट्यांनी घट्ट बांधले, आणि तळाचा मधला भाग मोकळा ठेवला. याने गाडी न बुडणारी झालेली नाही. बाहेर पडायला थोडा अधिक वेळ मिळेल इतकेच, आणि म्हणूनच चाक धरणाऱ्यासकट प्रत्येकाने तरंगण्याचे जाकीट घातल्याशिवाय ती काठ सोडत नाही.

इंजिनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही आणि ही त्याची स्तुतीच आहे. सहा सिलिंडरचे, साधारण 4.4 लिटरचे, नव्वदीच्या घरातील अश्वशक्तीचे हे पेट्रोल इंजिन संथ, सोशिक आणि दुरुस्तीला सोपे आहे. त्याच घराण्यातील ट्रकांची संख्या मोठी असल्यामुळे पिस्टनपासून गास्केटपर्यंत बहुतेक सुटे भाग आजही मिळतात. मूळची 6 व्होल्टची विद्युत यंत्रणा बदलून 12 व्होल्टची करावी, कारण विजेचे पंप त्यावर अवलंबून आहेत. तहान मात्र जबर आहे. कारखान्याच्या आकड्यांनुसार 40 गॅलनच्या, म्हणजे सुमारे 150 लिटरच्या टाकीत गाडी रस्त्यावर 640 किलोमीटर तर पाण्यात केवळ 80 किलोमीटर जाते. माल लादल्यावर रस्त्यावरचा आकडा विसरावा, पाण्यातला लक्षात ठेवावा. काहीजण डिझेल इंजिन बसवतात आणि त्यामागे खर्चाइतकेच सुरक्षेचेही कारण आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साठते, आणि डकचे इंजिन बंद पेटाऱ्यात असल्यामुळे ती बाहेर जायला वाट नसते. ट्रक चालवणारा माणूस बसला की किल्ली फिरवतो, तर बोट चालवणारा आधी झाकण उघडून वास घेतो आणि हवा खेचणारा पंखा काही मिनिटे चालवतो. इथे बोटवाल्याचीच सवय अंगी बाणवावी लागते.

चाके, ब्रेक आणि ॲक्सल यांच्याकडे उभयचर गाड्यांचे मालक कमी लक्ष देतात, कारण सगळ्यांची भीती पाण्याभोवती असते. सप्टेंबर 2015 मध्ये सिएटलच्या ऑरोरा पुलावर लांबी वाढवून बदललेल्या एका डकच्या पुढच्या ॲक्सलचे आवरण तुटले, गाडी समोरून येणाऱ्या बसवर गेली आणि पाच जणांचा मृत्यू झाला. तिथे पाण्याचा संबंधही नव्हता. आमच्या गाडीचे ॲक्सल सोडवून त्यांच्या आवरणांची भेगांसाठी चुंबकीय तपासणी करून घेतली. तो खर्च काही सदस्यांना जड वाटला, तरी पुन्हा करायचा झाला तरी मी तो सर्वांत आधी करीन. ब्रेक पाण्यातून बाहेर आल्यावर जवळजवळ निकामी असतात. काठावर चढून आल्यावर हलका ब्रेक धरून थोडे अंतर चालवल्याशिवाय रस्त्याला लागू नये. ॲक्सलमधले तेल दर काही फेऱ्यांनी पाहावे. ते दुधाळ झाले असेल तर कुठले तरी सील गेले आहे असे समजावे.

आता तिच्या मुख्य कामाबद्दल, म्हणजे पाण्यातल्या वागणुकीबद्दल. उतारावर थांबून तळाच्या निचऱ्याची बुचे घट्ट असल्याची खात्री करायची. हे काम एकाने करायचे आणि दुसऱ्याने हात लावून पाहायचे, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मग नाळेवरची लाटा अडवणारी फळी उभी करायची, खालचा गीअर टाकून प्रोपेलरचा दांडा जोडायचा आणि सावकाश पाण्यात शिरायचे. पुढची चाके जमीन सोडतात तेव्हा नाळ क्षणभर खाली जाते, पाणी फळीपर्यंत येते आणि मग सगळी गाडी एकदम हलकी होऊन उचलली जाते. पहिल्यांदा बसणाऱ्याचा हात याच वेळी नकळत कठड्याकडे जातो. एकच सुकाणूचक्र पुढची चाकेही वळवते आणि मागचे सुकाणूही. त्यामुळे नवख्याला शिकायला वेगळे काही नसते, फक्त प्रत्येक गोष्ट उशिरा घडते हे अंगवळणी पडावे लागते. चक्र फिरवल्यावर वळण लागायला वेळ लागतो, मागे नेताना ती जवळपास ऐकतच नाही, आणि उंच बाजूंवर वारा बसला की म्हशीसारखी ती आपल्या मनाच्या दिशेला निघते. साडेपाच नॉट, म्हणजे ताशी सुमारे दहा किलोमीटर हा तिचा कमाल वेग, म्हणून घाई असलेल्याने साधी मोटरबोट घ्यावी.

मालाच्या बाबतीत कागदावरचा अडीच टनांचा आकडा आजच्या मालकाने ध्येय मानू नये. 6 जून 1944 रोजी ओमाहा किनाऱ्याकडे निघालेल्या अमेरिकेच्या 111 व्या फील्ड आर्टिलरी बटालियनच्या 12 हॉवित्झर तोफा डकवर लादलेल्या होत्या. तोफ, दारूगोळा, वाळूच्या पिशव्या आणि माणसे यांनी जड झालेल्या त्या गाड्या खवळलेल्या समुद्रात एकामागून एक बुडाल्या आणि 11 तोफा किनाऱ्यापर्यंत पोचल्याच नाहीत. बाजूच्या कडेपासून पाण्याची पातळी किती खाली आहे हेच या गाडीचे खरे मोजमाप होय. आम्ही बाहेरच्या बाजूला एक पिवळी रेघ ओढली आहे. माल चढवून गाडी उथळ पाण्यात उभी केल्यावर ती रेघ पूर्ण दिसत नसेल तर माल उतरवला जातो, मग सिमेंटच्या मालकाने कितीही आग्रह धरला तरी. लाटा उठलेल्या असतील तर गाडी निघतच नाही. या शिस्तीत राहिले तर धक्क्याचे जड भाग ओढण्यासाठी मागे बसवलेले 10,000 पौंड ताकदीचे विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारे यंत्र, आणि तरंगत असतानाच तळाला चाके लागतील अशी तिची जमिनीवरची पकड, या दोन गोष्टी कोणत्याही तराफ्यापेक्षा किंवा बोटीपेक्षा सरस ठरतात. बोटीला बेटावर धक्का लागतो, क्रेन लागते. डक वाळूवर चढते आणि माल थेट दारात उतरवते.

वाळूवर चढण्याचे श्रेय टायरांच्या हवेचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेला. चालकाला आसनावरून न उठता टायरमधली हवा कमी-जास्त करता येईल अशी सोय आधी कोणत्याही गाडीत नव्हती. रस्त्यावर 40 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) ठेवायची आणि मऊ वाळूसाठी 10-12 पर्यंत उतरवायची, की टायर पसरतो आणि जड गाडी वाळूत न रुतता वर येते. सुरुवातीच्या गाड्यांत हे थांबूनच करावे लागे. नंतरच्या गाड्यांत चाकाच्या मध्यावर बाहेरून आलेल्या नळीमुळे धावतानाही होते. अनेक मालक ही नळ्यांची झंझट काढून टाकतात, कारण फिरत्या सांध्यातून हवा गळते आणि झाडाझुडपांत नळी तुटते. आम्ही ती दुरुस्त करून ठेवली आणि तिचा उपयोग प्रत्येक फेरीत होतो. मात्र 18 इंची रिमसाठीचे 11.00 मापाचे मूळ पद्धतीचे टायर शोधायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, तेव्हा गाडी घेतानाच टायरांची अवस्था पाहून भावात धरावी.

दुसरे पर्याय नाहीत का? आहेत, पण अशा कामासाठी नाहीत. फोर्ड जीपीए ही डकची धाकटी बहीण, तरंगणारी जीप, दिसायला मोहक. पण वजन वाढल्यामुळे ती पाण्यात फार खोल बसते, माल नेण्याची ताकद नगण्य आणि लाटांपुढे टिकाव नाही. याच गाडीतून ऑस्ट्रेलियाच्या बेन कार्लिन यांनी 1950 मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्सहून निघून 1958 मध्ये मॉन्ट्रियलला पोचत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. ती कल्पना त्यांना सुचली होती 1946 मध्ये, भारतीय लष्कराच्या अभियंता दलात असताना, बंगालमधील कलाईकुंडाच्या विमानतळावर पडलेली एक जीपीए पाहून. मात्र त्यांनी बंद केबिन आणि जादा इंधनटाक्या बसवून तिचे मूळ रूपच बदलले होते, म्हणून त्यांचा पराक्रम जीपीएच्या गुणपत्रिकेत धरू नये. महायुद्धातील जर्मन तरंगती मोटार श्विमवागेन चार माणसांची आणि संग्राहकांच्या किमतीची. ब्रिटिश बनावटीची अल्विस स्टॉलवर्ट पाच टन वाहते आणि पाण्याच्या झोताच्या जोरावर पोहते; पण तिच्या सहा चाकांच्या जोडणीत पक्क्या रस्त्यावर ताण साठत जातो आणि तो सोडवण्यासाठी ती ओबडधोबड जमिनीवरून न्यावी लागते, शिवाय रोल्स-रॉइसचे आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन डकलाही काटकसरी ठरवते.

सांगली-कोल्हापूरकडचे नातेवाईक फोनवर हमखास विचारतात की अशी गाडी 2019 च्या किंवा 2021 च्या महापुरात उपयोगी पडली असती का. 1955 मध्ये ऑस्ट्रेलियात हंटर नदीच्या पुरात मेटलंड येथे लष्कराच्या डक बचावकार्यात होत्या, त्यामुळे प्रश्न गैर नाही. तरीही माझे उत्तर नकारार्थी आहे. रिकामी असतानाही सुमारे सहा टनांची ही गाडी पाण्यात बरीच खोल बसते, चाके आणि ॲक्सल खाली लोंबतात, आणि गल्लीतल्या पुरात बुडालेली कुंपणे, मोटारसायकली, विजेच्या तारा त्यांत अडकतात. ताशी दहा किलोमीटरचा वेग कृष्णेच्या चढत्या पाण्यात पुरा पडत नाही. तिथे हवा भरलेली रबरी बोटच योग्य. डकला परिचित उतार, परिचित तळ आणि शांत पाणी हवे.

विकत घ्यायचीच असेल तर विक्रेत्याकडून तीन गोष्टी करवून घ्याव्यात : मालवाहू भागाच्या फळ्या उचलून तळ दाखवणे, प्रोपेलर जोडून हिगिन्स पंपातून पाणी फेकून दाखवणे आणि गाडी पाण्यात तासभर उभी ठेवून आत किती पाणी येते ते मोजू देणे. यांपैकी एकालाही टाळाटाळ झाली तर भाव कितीही आकर्षक असो, परत फिरावे. पाच पैकी गुण द्यायचे तर मालवाहू कामासाठी मी चार देईन, कौटुंबिक सहलीसाठी दोन, आणि भाड्याने प्रवासी नेण्यासाठी शून्य. रस्त्यासाठी मोटार म्हणून आणि पाण्यासाठी बोट म्हणून अशी दुहेरी नोंदणी, दुहेरी विमा आणि दरवर्षी रबरी बूट बदलण्याचा खर्च एकट्या माणसाला परवडत नाही. आमच्यासारख्या गटात तो वाटला जातो. हिवाळ्यात गाडी छपराखाली ठेवताना बुचे काढून चालकाच्या चक्राला बांधून ठेवावीत, म्हणजे पुढच्या हंगामात ती हाती घेतल्याशिवाय कोणाला गाडी वळवताच येणार नाही.